पर्वती आणि बुजलेले तळे

पानिपतच्या सपाट रणभूमीवर टेकडी नाही. तेथील पराभवाची सावली मात्र पुण्याच्या पर्वतीवर पडली. १४ जानेवारी १७६१ च्या संहारात पुत्र विश्वासराव व चुलतबंधू सदाशिवरावभाऊ गमावलेले नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जूनला येथेच निवर्तले. टेकडीच्या पायथ्याचे विस्तीर्ण तळे त्यांनीच करविले होते. पुढे ते बुजवून सारसबाग झाली. पाणी गेले, ‘तळ्यातला गणपती’ हे नाव तेवढे उरले! लोक शिखरावरील मंदिर पाहून परततात; परंतु स्मारक म्हणजे केवळ मंदिर नव्हे. उतार आणि पायथा हीही त्याचीच अंगे होत. उतारावर वस्ती चढली, याचा दोष निवाऱ्यासाठी आलेल्या गरिबांना देणे अन्यायाचे आहे. त्यांना पक्की घरे अन्यत्र मिळावीत आणि शिल्लक उतारावर नवे बांधकाम होऊ नये.