पडल्याची बातमी घाट चढते, खेळाची चढत नाही

कणकुंबी : खानापूर तालुक्यातल्या, चोर्ला घाटाच्या वाटेवरच्या या गावाचा गोल्फशी संबंध तो काय? तरी टायगर वुड्स हे नाव काढा. चेंडू किती फटक्यांत खड्ड्यात घालायचा हे ठाऊक नसलेला माणूसही ‘तो लफडेवाला का?’ म्हणून विचारील. गोल्फ इथवर पोचला तो असा.

मे २०१७ मध्ये फ्लोरिडात थांबलेल्या गाडीत वुड्स झोपलेले सापडले, अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्यांचा तो अर्धवट मिटल्या डोळ्यांचा फोटो काही तासांत जगभर फिरला. श्वासतपासणीत दारूचं प्रमाण शून्य निघालं. परिणाम होता वेदनाशामक आणि झोपेच्या औषधांचा. अशा अवस्थेत गाडी हाकणं चूकच आणि त्याची बातमीही व्हायलाच हवी. पण फोटो आधी धावला, तपासणीचा निकाल मागून चालत आला.

आपल्याकडं हेच विनोद कांबळी यांच्या वाट्याला आलं. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. कांबळींनी सचिनचा हात धरून ठेवला, एवढीच ती क्लिप. मग सुरू : सचिननं हात सोडवला का? मैत्री तुटली का? कांबळी प्यायले होते का? प्रश्नचिन्ह लावलं की काहीही छापता येतं, जबाबदारी वाचकावर! त्याच महिन्यात ते रुग्णालयात दाखल झाले, तर मोबाईलचे कॅमेरे खाटेपर्यंत गेले. व्यसन आणि पैशाची ओढाताण यांबद्दल कांबळी स्वतः बोललेत. पण माणसानं आपलं दुखणं सांगणं वेगळं आणि ते चोवीस तास फिरवून क्लिक मोजणं वेगळं. सीमाभागातली पोर्टलंही यातून सुटलेली नाहीत.

१७ कसोटी, १०८४ धावा, ५४.२० ची सरासरी, १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोटीत दोन द्विशतकं. आणि शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी. असा फलंदाज इतक्या लवकर बाहेर का गेला, हा खरा विषय होता की. पण त्याला रील होत नाही.

कणकुंबीत मलप्रभा नदी उगम पावते. त्याच नावाच्या, बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशच्या ५२ किलो गटात कांस्यपदक आणलं. सत्कार झाले, हार-तुरे झाले, फोटो आले. कुराशमध्ये कमरेखाली पकड चालत नाही, खाली पडल्यावर झोंबाझोंबी चालत नाही, उभ्यानंच पाडायचं, हे किती बातम्यांनी सांगितलं? तालमीच्या मातीत वाढलेल्या बेळगाव-निपाणीच्या वाचकाला तेवढ्यावर त्या पदकाची किंमत कळली असती.