कोपीच्या छतातले पाणी

दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पुढचे पाच-सहा महिने संसार कोपीत. कोपी म्हणजे बांबूचे तट्टे आणि पाचट यांची खोप. आता तिच्यावर बहुधा प्लॅस्टिकचा कागद असतो.

अशाच घरातल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, हिवाळ्यात पाऊस नसतो, तरी पहाटे कोपी का गळते? वाकळा ओल्या होतात." घरचे म्हणतात, कागद फाटला, मग ते दिसेल ती फट बुजवतात.

माझ्या मते हा उपाय उलटा आहे. ते पाणी बाहेरून येतच नाही.

झोपलेला माणूस श्वासातून व त्वचेतून रात्रभरात सुमारे पाव लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतो. पाच माणसांचे झाले सव्वा लिटर! 20 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत फार तर 17 ग्रॅम बाष्प मावते. 10 अंशांना जेमतेम 9 ग्रॅम. निरभ्र रात्री प्लॅस्टिक आपली उष्णता आकाशाकडे प्रारित करून हवेपेक्षाही थंड होते. आतली दमट हवा त्याला टेकली की जादा बाष्पाचे थेंब होतात. पाचटाच्या छपरात हवा अडकलेली असते, म्हणून त्याची आतली बाजू इतकी गार पडत नाही. शिवाय त्यातून बाष्प बाहेर जाते.

तेव्हा फटी बुजवू नका. शेंड्याशी वीतभर झरोका ठेवा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला खाली एक फट. कागदाच्या आत पाचटाचा जाड थर द्या. ओले कपडे आत वाळत घालू नका. ओल घालवण्यासाठी पेटती शेगडी आत ठेवून तर कधीच झोपू नका. तिचा विषारी वायू जीव घेतो.

"झरोक्यातून थंडी येईल," असे कोणी म्हणेल. येईल थोडी, पण भिजलेली वाकळ त्याहून अधिक गारठवते.

जे राहायची सोय करतात त्यांनीही हे ध्यानात घ्यावे. नुसत्या पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि वर झरोका ठेवला नाही, तर पत्राही असाच गळेल.

परीक्षेत आपण दवबिंदूची व्याख्या बिनचूक लिहितो. ती कोपीत एखाद्या लेकराची वाकळ कोरडी ठेवू शकली, तरच पदार्थविज्ञान शिकलो असे मी म्हणेन.