डॅशबोर्ड हिरवा, चेंबर उघडं

पोस्ट मोठी आहे, पण निवांत वेळ काढून वाचा. फोटो पहिल्या कॉमेंटमध्ये टाकलाय.

"आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. धन्यवाद." हा मेसेज आला तेव्हा मी त्या चेंबरपासून चार पावलांवर उभा होतो. झाकण अर्धं तुटलेलं, आत काळं पाणी, आणि हातातल्या मोबाईलवर हिरवी टिक. मला वाटलं, माणसं रस्त्यात असतील, येतील संध्याकाळपर्यंत. कोणी आलं नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी आमच्या शेजारच्या आजी पहाटे काकड्याला निघाल्या आणि त्याच चेंबरमध्ये पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. वय ७४.

कार्यालयाचं नाव इथे घेत नाही. चेंबर नेमकं कुणाचं, ड्रेनेजचं, केबलचं की आणखी कुणाचं, यावरच सध्या तीन खात्यांची टोलवाटोलवी चालू आहे, आणि अर्ज आधी, बोंब नंतर हा माझा जुना नियम आहे. पण तक्रार बंद कशी झाली ते विचारायला मी गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटर बघून शांतपणे सांगितलं, "सर, तुमची तक्रार दुसऱ्या विभागाकडे वर्ग झालीय, म्हणून आमच्याकडून क्लोज दाखवतेय." म्हणजे खड्डा जागेवरच आहे, फक्त तक्रार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. आणि त्या प्रवासालाच 'निराकरण' म्हणायचं.

एक कबुली देतो. अशाच एका कार्यालयाची "इतके टक्के तक्रारींचे निराकरण" अशी प्रेसनोट मी स्वतः छापली आहे. चौकटीत, साहेबांच्या फोटोसकट. तेव्हा निराकरण म्हणजे काय, हा साधा प्रश्न मी विचारला नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्या महिन्यात शिकवतात तो प्रश्न. त्यामुळे आज जे लिहितोय त्यातलं थोडं माझ्यावरही आहे.

आता मूळ मुद्दा. हल्ली कुठल्याही सरकारी कार्यालयात गेलात की भिंतीवर मोठा टीव्ही असतो. गोल चकत्या, रंगीत खांब, हिरवे-लाल आकडे. त्याला डॅशबोर्ड म्हणतात. साहेब पाहुण्यांना तिथे उभं करतात, पाहुणे माना डोलावतात. पण आकडा कुठून आला, कुणी भरला, कधी भरला, हे त्या भिंतीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

चिखलीकरांना ही भानगड समजायला जड जाऊ नये, कारण आपल्यातली निम्मी पोरं रोज सकाळी बसने चाकणला जातात ती असल्याच आकड्यांत काम करायला. आमच्या गल्लीतला एक पोरगा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत रिपोर्टिंगला आहे, एक्सेल आणि पॉवर बीआय. आजींना ॲडमिट केलं त्या रात्री दवाखान्याबाहेर चहा पिता पिता त्याला सगळं सांगितलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "दादा, हे तर आमच्याकडचं प्लॅन्ड स्टॉप झालं!"

मग त्याने टपरीवरच्या कागदावर हिशोब मांडला. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवण-चहाची ३० गेली, उरली ४५०. मशीन ९० मिनिटं बंद पडलं, म्हणजे चाललं ३६०. भागिले ४५०, उत्तर ८० टक्के. लाल. आता तीच ९० मिनिटं सुपरवायझरने 'ब्रेकडाऊन'ऐवजी 'प्लॅन्ड स्टॉप' या रकान्यात टाकली, की ती मुळात मोजायच्या वेळेतूनच गळतात. मोजायची वेळ ३६०, चाललं ३६०. शंभर टक्के! हिरवं. मशीन तेच, बंद पडलं तेवढंच, फक्त रकाना बदलला. "सॉफ्टवेअर चुकत नाही दादा," तो म्हणाला, "त्याला जे सांगितलंय ते ते बरोबर करतं. काय मोजायचं हे ज्याने ठरवलं त्याला विचारा."

आमच्या चेंबरचंही हेच. 'वर्ग केली' हा आमच्याकडचा प्लॅन्ड स्टॉप.

त्या पोराकडून त्या रात्री आणखी बरंच शिकलो. तो म्हणाला, कुठल्याही रिपोर्टवर संशय आला तर आधी तो शेवटचा कधी ताजा झाला ते बघायचं. मागे कुणीतरी मूळ डेटाबेसचा पासवर्ड बदलतो, रोज आपोआप होणारं अपडेट फसतं, पॉवर बीआयमध्ये तर लागोपाठ चार वेळा फसलं की ते वेळापत्रकच बंद होतं, आणि स्क्रीनवर गेल्या मंगळवारचे आकडे टवटवीत दिसत राहतात. त्याच्या कंपनीत निदान मॅनेजर ओरडतो. सरकारी भिंतीवरचा आकडा शिळा आहे हे ओळखणार कोण? पाहुणे?

मग जोडणी. एका तक्रारीला तीन फोटो असतील आणि तक्रारींचा तक्ता फोटोंच्या तक्त्याला आंधळेपणाने जोडला, तर एक तक्रार तीन वेळा मोजली जाते. आणि रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, हेही त्याने बजावलं. हवेचं यंत्र बंद पडलं तर तिथे प्रदूषण नाही असं नसतं, तिथे माहिती नाही असं असतं. कुदळवाडीत भंगार पेटल्यावरचा धूर ज्यांनी खाल्लाय त्यांना हा फरक वेगळा सांगायची गरज नाही.

पण सगळ्यात मोठी चलाखी सरासरीत आहे, आणि ही मलाही नवीन होती. "तक्रार निवारणाचा सरासरी कालावधी दोन दिवस" असं लिहिलेलं असतं ना? ही सरासरी बहुतेक वेळा फक्त बंद झालेल्या तक्रारींचीच काढतात. समजा दहा तक्रारी आल्या. आठ दोन-दोन दिवसांत बंद झाल्या. दोन ९० दिवस तशाच पडून आहेत. डॅशबोर्ड म्हणतो सरासरी दोन दिवस, कारण पडून असलेल्या दोघी हिशोबातच नाहीत. त्यांना आजपर्यंतच्या दिवसांनिशी धरा, १६ अधिक १८०, भागिले दहा. जवळपास वीस दिवस, आणि तेही अजून वाढतंय. म्हणजे तक्रार जितकी अवघड, जितकी जुनी, तितकी ती आकड्यातून अदृश्य. ज्याला सगळ्यात जास्त त्रास तोच मोजणीत नाही, असं हे यंत्र.

काही जण म्हणतील, पत्रकार झाले की सगळ्यात खोटच काढतात. तसं नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये श्रीकर परदेशी आयुक्त असताना आपल्या महापालिकेने 'सारथी' हेल्पलाइन सुरू केली, तेव्हा मी कौतुकाने लिहिलं होतं आणि ते शब्द मागे घेत नाही. एका फोनवर कुठल्या दाखल्याला काय लागतं हे कळायला लागलं, ही माणसाची मोठी सोय होती. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत आपल्याकडे नगरसेवक नव्हता. ओरडायला माणूसच नाही म्हटल्यावर ॲप, पोर्टल आणि टोकन नंबर एवढीच दारं उरली. म्हणून तर त्या टोकनाचं पुढे काय होतं हे महत्त्वाचं.

आणि दोष मी ज्युनिअर इंजिनिअरलाही देत नाही. त्याच्याकडे वस्त्या ढीगभर, हाताखाली माणसं चार, आणि लाल आकडा दिसला की त्याला वरून नोटीस. तो बिचारा बटण दाबणारच. ज्याचं काम मोजायचं त्याच्याच हातात 'झालं' म्हणायचं बटण देऊन ठेवलंय. परीक्षाही त्याने द्यायची, पेपरही त्यानेच तपासायचा. मग निकाल शंभर टक्के लागला तर पेढे कुणाला भरवायचे?

डॅशबोर्ड कसा तपासावा याचा सगळ्यात सरळ धडा मला मे २०२१ मध्ये मिळाला. कोविडची दुसरी लाट. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठापुढे सुनावणी चालू होती. पुण्यात खाटा उपलब्ध आहेत, असं पुणे महापालिकेच्या बाजूने सांगण्यात आलं. कोर्टाने वाद घालत बसण्यापेक्षा तिथल्या तिथे पुण्याच्या हेल्पलाइनला फोन लावायला सांगितला. पेशंटसाठी व्हेंटिलेटरची खाट हवीय म्हणून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, नाहीये. एक फोन, दोन मिनिटं, आणि स्क्रीनवरचं चित्र कोर्टासमोर उघडं. त्या दिवसांत आपण सगळेच मध्यरात्री तो डॅशबोर्ड बघून हॉस्पिटलांना फोन लावत होतो. स्क्रीनवर खाट दिसायची आणि फोनवर नसायची. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पाण्याचंच घ्या. नोव्हेंबर २०१९ पासून आपण दिवसाआड पाणी घेतोय. आपल्याच चिखलीत आंद्रा धरणाच्या पाण्यासाठी १०० एमएलडीचं शुद्धीकरण केंद्र उभं आहे. किती एमएलडी उचललं, किती शुद्ध केलं, हे आकडे मिळतात. मला हवा असलेला आकडा वेगळा आहे. मोरे वस्तीतल्या शेवटच्या नळाला किती वाजता पाणी आलं, किती मिनिटं टिकलं, हंडा भरायला किती वेळ लागला? केंद्रातलं मोजणं सोपं, म्हणून ते भिंतीवर. नळावरचं मोजायला माणूस पाठवावा लागतो.

आणि जिथे डॅशबोर्डने खरंच जीव लावायला हवा होता, तिथे तो कुठे होता? फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत हजारो शेड आणि गोदामं पाडली. ती एका रात्रीत उगवली नव्हती. १७ मे २०२५ ला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले जमीनदोस्त केले. लोकांनी आयुष्याची पुंजी घातलेली घरं. पूररेषा बेकायदा ओलांडली हे कोर्टात ठरलं, त्यावर माझा वाद नाही. पण पूररेषेचा नकाशा जलसंपदाकडे, खरेदीखतं दुय्यम निबंधकाकडे, मिळकतीची नोंद करसंकलनाकडे. तीन कार्यालयं, तीन तक्ते. हे तीन तक्ते गट नंबरवर एकमेकांना जोडणं, हे त्या पोराच्या भाषेत "दोन दिवसांचं काम" आहे. मी म्हणतो, सरकारी आहे, दोन वर्षं धरा. तरीही विटेवर वीट चढायच्या आधी कुठेतरी लाल दिवा लागला असता. डॅशबोर्ड वाढवायचेच असतील तर या दिशेने वाढवा. नवीन टीव्ही नकोत.

तर माझं मागणं काय? प्रत्येक आकड्याखाली तो शेवटचा कधी ताजा झाला ते लिहा. 'निराकरण' म्हणजे काय त्याची व्याख्या तिथेच मराठीत द्या. वर्ग केलेली तक्रार उघडीच दाखवा, आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा आली त्या दिवसापासून तिचं वय मोजा. बंद झालेल्यांच्या सरासरीशेजारी पडून असलेल्यांची संख्या आणि त्यातल्या सगळ्यात जुनीचं वय टाका. तक्रार बंद करायचं बटण तक्रारदाराकडे द्या. तो आठवडाभर गप्प बसला तर खुशाल तुम्ही बंद करा, पण मग 'तक्रारदाराचं उत्तर नाही' असा वेगळा रकाना ठेवा. आणि नाव-मोबाईल नंबर काढून सगळा कच्चा डेटा डाउनलोडला ठेवा. बाकीची चिरफाड आमची पोरं करतील, ती दिवसभर कंपनीत हेच करतात.

"डेटा देता येत नाही" असं कोणी म्हणालं तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा उघडून दाखवा. कॉम्प्युटरवर साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागायचा हक्क त्यात कलम २ मध्येच आहे. फ्लॉपीवरसुद्धा मागता येते! फ्लॉपी संपल्या, हक्क शिल्लक आहे.

सोमवारी मी अर्ज देतोय. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. चारच गोष्टी मागतोय: गेल्या वर्षभरात चिखली, मोशी आणि तळवडे भागातल्या तक्रारींची यादी, प्रत्येकीची आल्याची आणि बंद केल्याची तारीख, बंद करण्याचं कारण, आणि 'निराकरण' या शब्दाची लेखी व्याख्या. उत्तराची मुदत ३० दिवस. आलं की इथेच टाकेन, नाही आलं तर पहिल्या अपिलाची प्रत टाकेन.

तोवर तुमची मदत हवीय. जाधववाडी, साने वस्ती, घरकुल, म्हेत्रे वस्ती, पाटीलनगर, कुठलेही असा. काम झालेलं नसताना 'निराकरण झाले'चा मेसेज आलेला असेल तर कॉमेंटमध्ये टोकन नंबर, मेसेजची तारीख आणि त्या जागेचा आजचा फोटो टाका. मोबाईल नंबर आणि घरचा पत्ता टाकू नका. कोणत्या पक्षाचा नगरसेवक वगैरे वाद इथे घातलात तर कॉमेंट उडवेन, आधीच सांगतो.

आजींना काल वॉकरवर दोन मिनिटं उभं केलं. चेंबरवर सध्या गल्लीतल्या पोरांनी तुटकी फरशी टाकलीय आणि त्यात बाभळीची फांदी खोचलीय, रात्री दिसावी म्हणून तिला लाल कापड बांधलंय.