विश्लेषण : पुस्तकं वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना सरकार का घाबरलं?

दक्षिण कोरिया, १९८३. आईचा विरोध पत्करून ह्युन सूक कॉलेजात जाते. साहित्य शिकायचं, राजकारणात पडायचं नाही, एवढाच तिचा बेत. एक मित्र तिला वाचन मंडळात बोलावतो. तिथं पुस्तकं असतात, पण सगळी बंदी घातलेली!

'बॅन्ड बुक क्लब' (२०२०) या ग्राफिक कादंबरीची ही सुरुवात. किम ह्युन सूक यांनी स्वतःचे अनुभव पती रायन एस्ट्राडा यांच्यासोबत लिहिलेत. चित्रं को ह्युंग-जू यांची.

पण पुस्तकांची एवढी भीती का? जनरल चुन डू-ह्वान यांनी १९७९च्या लष्करी उठावातून सत्ता बळकावली होती. १९८० मध्ये ग्वांगजूत लष्करानं आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. मग खरं काय घडलं, हे चोरून फिरणाऱ्या कागदांतूनच कळायचं. बुसानमध्ये तर १९८१ मध्ये वाचन मंडळातल्या तरुणांना पकडून त्यांचा छळ झाला. त्यांचे एक वकील रोह मू-ह्यून पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

त्या राजवटीचं सर्वांत क्रूर हत्यार मात्र लाठी नव्हतं. आंदोलक विद्यार्थ्यांना सक्तीनं लष्करात भरती करून मित्रांचीच खबर काढायला पाठवलं जाई. रहस्यकथेत खबऱ्या सापडला की वाचक सुटतो. इथं सापडला, तरी त्याच्यावर चिडायचं कसं?

तरीही कादंबरी रडकी नाही, चक्क हसवते. शेवटी २०१६ येतं. तेच मित्र, आता मध्यमवयीन, पुन्हा रस्त्यावर भेटतात. यावेळी मोर्चा राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या भ्रष्टाचाराविरोधात असतो. मार्च २०१७ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.