निषेधांचे विस्मरण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अणुतैलाची कृती आजच्या घाईला मानवणारी नाही. आकाशातून पडलेल्या निर्मळ पाण्यात औषधींचा काढा करायचा, त्यात तेल एकदा नव्हे, दहा वेळा सिद्ध करायचे, अखेरच्या पाकात शेळीचे दूध घालायचे. आणि एवढे करून ते नाकात सोडायचे ते प्रावृट्, शरद व वसंत या तीनच ऋतूंत, तेही आभाळ निरभ्र असताना. सुश्रुताने उत्तरतंत्रात प्रतिश्यायाला, म्हणजे सर्दीला, स्वतंत्र अध्याय देऊन कच्चा दोष आणि पिकलेला दोष यांचे उपचार वेगळे ठेवले. वाग्भटाने नस्य, म्हणजे नाकात सोडायचे औषध, कोणाला देऊ नये हे सांगताना नव्या पीनसाचे, म्हणजे नुकत्याच जडलेल्या सर्दीचे, नाव त्या यादीत घातले. नाक चोंदताच तेलाची बाटली शोधणारे आपण या आचार्यांचेच वारस म्हणवतो.

ग्रंथातून माजघरात येताना ज्ञानाचे जे होते तेच येथे झाले. ओव्याची गरम पुरचुंडी, कपाळावर वेखंड-सुंठीचा लेप, तुळस-आल्याचा काढा हे टिकले, कारण द्रव्य हातात धरता येते. काळ, वय, प्रकृती आणि निषेध मात्र पाठांतराअभावी गळाले. नाक साफ करण्याच्या नेतीचेही तसेच: हठप्रदीपिकेतील नेती वीतभर गुळगुळीत दोऱ्याची आहे, आज रूढ असलेल्या पाण्याच्या झारीचा त्या श्लोकात मागमूस नाही. आणि जिच्या तेलाची वाफ आपण आजीबाईच्या बटव्यातली समजतो, ती निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. परंपरेने नवे द्रव्य स्वीकारावे यात गैर काहीच नाही. तिने ते नेहमीच स्वीकारले. प्रश्न नव्या द्रव्यासोबत नवी मर्यादा कोणी सांगितली का, हा आहे.

१८९३ साली मुंबईत अमृतांजन निघाले आणि बटवा बाजारात आला; १९०७ मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशकात आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला तेव्हा वैद्यकी संघटित होऊ लागली होती, पण घरगुती उपचाराला दिशा देऊ लागली होती ती डबी. १९१८च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेत खप वाढलेले विक्स व्हेपोरब पुढे भारतात आयुर्वेदिक औषध म्हणून विकले जावे, यात इतिहासाचा मिश्कीलपणा आहेच.

साथ आली की हेच नाटक नव्या नेपथ्यात उभे राहते. २०२०च्या वसंतात कोविडच्या साथीत आयुष मंत्रालयाने नाकपुड्यांना तेल-तूप लावण्याचा आणि पुदिना-ओव्याच्या वाफेचा सल्ला दिला. वाफेचे वेड तर देशोदेशी पसरले, आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयातील डॉक्टरांनी वाफ घेताना भाजलेल्या मुलांची संख्या वाढल्याचे नोंदवले. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियानात दोन जण नेतीसाठी नळाचे पाणी वापरल्याने मेंदूत अमीबा शिरून दगावले. दोष ना ओव्याचा, ना नेतीचा. औषधाला पाणी कोणते घ्यावे हे चरकाने सांगितले होते, तो तपशील आपल्याला पाल्हाळ वाटला.

तेव्हा नेतीचे पाणी उकळून कोमट करूनच घ्यावे, नव्या सर्दीत नाकात तेल सोडू नये, वाफेचे पातेले मुलांच्या हाताशी ठेवू नये. आणि सर्दीत डोळ्याभोवती सूज दिसली तर काढा उकळत न बसता त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जावे.