बैलाचे औत सोडतो, पोराला मात्र पळवतो

एप्रिल-मे महिन्यात आमच्या बेळगाव-खानापूरकडचा शेतकरी पहाटे औत धरतो आणि ऊन चढू लागले की, फार तर दहाच्या सुमारास, सोडतो. हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही. बैलाच्या तोंडाला फेस आला, त्याला धाप लागली, की मालकाचा हात आपोआप जोताकडे जातो. म्हशीला तर सांगावेही लागत नाही, ती आपली आपण डबक्याची वाट धरते. आणि त्याच शेतकऱ्याचा मुलगा त्याच दिवशी दुपारी चार वाजता शाळेच्या मैदानावर भरतीची धाव मारत असतो. वर घाम निघावा म्हणून अंगात प्लास्टिकचे जाकीट! बाप बांधावरून कौतुकाने पाहतो. मीही अनेक वर्षे व्हरांड्यातून कौतुकानेच पाहिले.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून ते कौतुक माझ्या घशाखाली उतरत नाही. आमच्या धर्मग्रामातला एक चांगला धावणारा मुलगा सुट्टीत घाट उतरून गोव्याला मामाकडे गेला होता. जाताना मीच त्याला बजावले होते, “एक दिवसही चुकवू नकोस हं.” त्याने माझा शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता समुद्राकाठच्या रस्त्यावर त्याने घड्याळ लावून सोळाशे मीटर काढायला घेतले. शेवटच्या वळणावर तो झोकांड्या खाऊ लागला आणि काहीतरी असंबद्ध बोलत पडला. दारू प्यायला असेल असे लोकांना वाटले. कोणी तोंडात पाणी ओतू लागले, कोणी रिक्षा आणायला धावले. एका मासे विकणाऱ्या बाईने मात्र आपल्या पेटीतला बर्फ आणि बर्फाचे पाणी सरळ त्याच्या अंगावर उलटे केले, आणि आणखी आणायला माणूस पिटाळला. डॉक्टरांनी नंतर सांगितले की पोरगा त्या बर्फामुळे वाचला. आज तो ठीक आहे. पण “फादर, तुम्हीच तर म्हणाला होता” हे त्याचे शब्द त्याने हसत म्हटले असले तरी मला हसू आले नाही.

तेव्हा हे काय झाले ते मुळापासून समजून घेऊ. धावताना स्नायूंत जी शक्ती जळते, तिच्यातला सुमारे पाऊण भाग किंवा त्याहून जास्त नुसती उष्णता होऊन अंगात साठतो. ती बाहेर टाकायचा आपला मुख्य मार्ग म्हणजे घाम. इथेच लोकांची समजूत चुकते. घाम नुसता निथळला तर अंग थंड होत नाही. तो त्वचेवरून वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपटप जमिनीवर पडला तर पाणी गेले, मीठ गेले, आणि उष्णता होती तिथेच राहिली. दमट हवेत कपडे वाळत नाहीत, तसाच घामही वाळत नाही. प्लास्टिकच्या जाकिटात तर अजिबात नाही.

या जाकिटावरून एक जुनी गोष्ट आठवते. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सिस्को लाझारो नावाचा पोर्तुगीज धावपटू मॅरेथॉनमध्ये उतरला. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला मेण किंवा चरबी चोळली होती असे सांगतात. अंगावरची छिद्रे बंद, घाम वाळायला वाट नाही. तो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. शंभर वर्षे उलटून गेली तरी आमची मुले तेच मेण जाकिटाच्या रूपात अंगावर चढवीत आहेत. वजन कमी झाले म्हणून ती खूश असतात. कमी झालेले असते ते पाणी, आणि ते रात्रीपर्यंत परत येते.

घाटावर आणि घाटाखाली काय फरक आहे, हे पाहायला मी शाळेच्या विज्ञानाच्या खोलीतले दोन तपमापक घेतले. एकाच्या फुग्यावर ओले सुती फडके गुंडाळले आणि त्याची टोके पाण्याच्या वाटीत सोडली. फडक्यातले पाणी जितके भराभर वाळेल तितका तो पारा खाली उतरतो. म्हणजे आपला घाम आपल्याला किती थंड करू शकेल, हेच तो सांगतो. एप्रिलमधल्या एका दुपारी आमच्या व्हरांड्यात कोरडा पारा ३५ वर होता आणि ओला २१ वर. पुढे मेमध्ये गोव्याला गेलो तेव्हा तीच जोडी बरोबर नेली. तिथे कोरडा ३२ आणि ओला २७! कोरडा पारा पाहिला तर गोवा आमच्याहून तीन अंश थंड. त्या मुलालाही तसेच वाटले होते, “इथे ऊन कमी आहे फादर.” पण धावणाऱ्याने पाहायचा तो ओल्या फडक्याचा पारा. हा शोध माझा नव्हे. अमेरिकेच्या पॅरिस आयलंड येथील मरीन सैनिकांच्या तळावर नवे जवान उष्म्याने आजारी पडू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी ओला पारा, उन्हातला काळ्या गोलाचा पारा आणि कोरडा पारा यांचा मेळ घालून एक अंक काढला. त्यात सात दशांश वजन एकट्या ओल्या पाऱ्याला आहे. त्या अंकावरून तळावर रंगीत निशाणे लागतात, आणि काळे निशाण लागले की कवायत बंद.

हे मी आमच्या गावच्या निवृत्त सुभेदारांना मुद्दाम सांगितले. मुलांना तेच शिकवतात, फुकट शिकवतात, आणि त्यांचे आम्हां सर्वांवर उपकार आहेत. पण त्यांचे मत ठाम. “फादर, लाड करू नका पोरांचे. शत्रू काय हवा बघून येतो?” मी म्हणालो, “सुभेदारसाहेब, तुम्ही लेहला उतरलात तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्हाला डोंगरावर पळवले का?” ते गप्प राहिले, मग हसले. उंचीवर जाणाऱ्या जवानाला आपले लष्कर पहिला टप्पा म्हणून सहा दिवस देते, मग पुढच्या टप्प्यांचे आणखी दिवस. विरळ हवेसाठी जे खरे तेच दमट उष्म्यासाठीही खरे. फक्त उंचीची भीती सर्वांना असते, उकाड्याची नसते.

शरीर उष्म्याला सरावते, आणि चांगले सरावते. त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे हृदयाला कमी ठोके पुरतात. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. पण हे सरावणे पंख्याखाली बसून होत नाही, आणि पहिल्या दिवशी जीव तोडूनही होत नाही. रोज थोडे, घाम येईल इतके, हळू धावावे लागते. पहिले तीन-चार दिवस वीस मिनिटे, शेजाऱ्याशी बोलता येईल अशा चालीने. मग दर दोन दिवसांनी पाच-पाच मिनिटे वाढवावीत. पहिला आठवडा घड्याळ लावूनच पाहू नये. अंतर मोजू नये, वेळ मोजावी. म्हणजे “पाच किलोमीटर झालेच पाहिजेत” हा हट्ट सुटतो. वेगाचा सराव बुडतो अशी तक्रार असेल तर पहाटे दोनशे-दोनशे मीटरच्या चार-पाच धावा, मध्ये श्वास पूर्ण खाली येईपर्यंत चालणे, एवढे पुष्कळ आहे. आणि मिळवलेली ही सवय दोन-तीन आठवडे खंड पडला की ओसरते, म्हणून पावसाळ्यात घरी बसलेल्या मुलाने ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करावी.

वेळ पहाटेचीच. पहाटे हवेत दमटपणा अधिक असतो हे खरे, पण ऊन नसते आणि रस्ता रात्रभर निवलेला असतो. संध्याकाळी पाचचा डांबरी रस्ता म्हणजे तवा. मी स्वतःसाठी एक ठोकताळा केला आहे, तो शास्त्राचा म्हणून घेऊ नका: ओला पारा २२ च्या खाली असेल तर नेहमीचा सराव, २२ ते २५ असेल तर चाल हळू, आणि २६ च्या वर गेला की त्या दिवशी वेगाची धाव नाही. जून महिन्यात पहिला पाऊस पडला की मुलांना वाटते गारवा आला. त्या दिवसांत फडक्याकडे अवश्य पाहा.

पाण्याविषयी दोन टोकांची माणसे भेटतात. धावताना पाणी पिऊ नये म्हणणारी जुनी, आणि बाटल्यांवर बाटल्या रिचवणारी नवी. दोन्ही चुकतात. नुसते पाणी अतोनात प्याल्याने रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस दगावल्याची उदाहरणे मॅरेथॉनमध्ये घडली आहेत. तहान लागेल तसे प्यावे; धावण्यापूर्वी व नंतर रेशन दुकानाच्या काट्यावर का होईना वजन करून पाहावे. साठ किलोच्या मुलाचे वजन सव्वा किलोहून अधिक उतरले तर त्याला पाणी कमी पडले, आणि वाढले तर तो नको इतके प्याला. मिठाच्या गोळ्या नकोत. आपली पेज आणि लोणच्याची फोड, मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत यांत सगळे आले. अगदीच हवे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हेच जीवनजल १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या हजारो रोग्यांना पाजले होते. ताप, जुलाब किंवा अपुरी झोप असेल त्या दिवशी धावू नये. आणि काजूच्या मोसमात आदल्या रात्री उर्राक घेतलेल्याने तर मैदानाकडे फिरकूच नये, हे मी ज्यांना उद्देशून लिहितो त्यांना कळेल.

मुलींचे एक वेगळेच दुःख आहे आणि ते मला फार उशिरा कळले. मैदानाजवळ शौचालयाची सोय नाही म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सुक्या अंगाने धावतात. हा दोष त्यांचा नाही, आमचा आहे.

आणि कोणी पडलाच तर? झोकांड्या, असंबद्ध बोलणे, चिडणे, ओळख न पटणे ही खूण. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नव्हे असे समजू नका; धावणाऱ्याला घामात भिजलेल्या स्थितीतही तो होतो. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. आधी थंड करा, मग हलवा. सावलीत न्या, कपडे सैल करा, गुरांच्या पाण्याचा हौद जवळ असेल तर मान वर धरून त्यात बसवा, नाहीतर बादल्यांवर बादल्या ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत लावा. पहिला अर्धा तास फार मोलाचा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काही कामाची नाही.

आता माझे खरे गाऱ्हाणे. अग्निवीर भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढले की पूर्ण ६० गुण. त्या साठ गुणांवर एका घराचे कर्ज, एका बहिणीचे लग्न टांगलेले असते. अशा मुलाला “जमेल तसे धाव” म्हणणे सोपे नाही, हे मी जाणतो. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये झारखंडात अबकारी शिपायांच्या भरतीत तरुणांना एका तासात दहा किलोमीटर धावायला लावले, आणि त्या भरतीत दहाहून अधिक मुले मेली. मग भरती तीन दिवस थांबली, मग वेळ सकाळची झाली. आधी का नाही? जागतिक स्पर्धावाले २०१९ मध्ये दोह्याला बायकांची मॅरेथॉन मध्यरात्री घेतात, आणि तरीही ६८ पैकी २८ जणी ती पुरी करू शकत नाहीत. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन २०२१ साली उष्म्यापायी दूर उत्तरेला साप्पोरोला नेली, आणि तिथेही बायकांची शर्यत आयत्या वेळी एक तास अलीकडे आणली. जगातले उत्तम धावपटू हवेपुढे वेळापत्रक वाकवतात. आमच्या उपाशीपोटी आलेल्या पोरांना मात्र सांगायचे की हवेची सबब सांगू नका. भरती घेणाऱ्यांना मी काय सांगणार? पण आपल्या मैदानाचा कारभार आपल्या हाती आहे.

म्हणून पुढच्या सोमवारपासून शाळेचे मैदान पहाटे सव्वापाचला उघडेल आणि ३० जूनपर्यंत साडेसातला सरावासाठी बंद होईल. संध्याकाळी फिरायला या, पळायला नको. मुलींसाठी शाळेच्या शौचालयाची किल्ली बालवाडीच्या बाईंकडे ठेवली आहे. विहिरीजवळचा हौद रोज भरलेला राहील. त्यात कपडे धुवू नयेत. दोन तपमापक व्हरांड्याच्या खांबाला टांगले आहेत, वाटीतले पाणी संपले तर जो पाहील त्याने घालावे. जाकीट घालून येणाऱ्याचे जाकीट फाटकावर काढून घेतले जाईल. सुभेदारांनी आपले स्टॉपवॉच कालच माझ्या कपाटात आणून ठेवले, मात्र पंधराव्या दिवशी परत घ्यायला येईन असे बजावून.