जोर हवा, घाई नको

पहाटेच्या अंधारात नगरच्या वाडिया पार्कवर धावणारी मुलं, गावच्या माळावर टायर उलटणारी भरतीची बॅच, उपनगरातल्या जिममध्ये केटलबेल घेऊन घामाघूम झालेले नोकरदार, या सगळ्यांना आज एकाच पद्धतीची ओढ आहे. रोज वेगळा व्यायाम, प्रत्येक वेळी पूर्ण दम लावून, समोर घड्याळ ठेवून. २००० साली अमेरिकेत ग्रेग ग्लासमन आणि लॉरेन जेनाई यांनी सुरू केलेल्या क्रॉसफिटनं या पद्धतीला नाव आणि बाजार मिळवून दिला. आता तिची अर्धीकच्ची रूपं ‘हिट’, ‘सर्किट’ अशा नावांनी नगर जिल्ह्यात सर्वत्र भेटतात. तिच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे परदेशी फॅड आहे, यानं हृदय आणि गुडघे दोन्ही जातात, आपली तालीमच बरी. दुसरा म्हणतो, जुनं सगळं वेळखाऊ आहे, रोज वीस मिनिटं शरीर पिळून काढा, बाकी काही लागत नाही. माझ्या मते दोघंही दोष चुकीच्या जागी शोधत आहेत. या पद्धतीतली तीव्रता हा तिचा गुण आहे. घात होतो तो तयारी नसलेल्या शरीराला पहिल्याच आठवड्यात घड्याळाशी झुंजायला लावण्यानं, आणि प्रगती मोजण्याऐवजी वैविध्य मोजण्यानं.

आधी पहिल्या पक्षाचं म्हणणं तपासू. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटानं आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम गतीनं सायकल मारली. दुसऱ्या गटानं वीस सेकंद जीव तोडून आणि दहा सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या केल्या. सहा आठवड्यांनी प्राणवायू वापरण्याची क्षमता दोन्ही गटांत वाढली, पण अल्पकाळ पूर्ण ताकद लावण्याची क्षमता फक्त दुसऱ्या गटात वाढली, तीही २८ टक्क्यांनी. हृदयाच्या भीतीबाबत नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचा अभ्यास बोलका आहे. सत्तर ते सत्त्याहत्तर वयाच्या १,५६७ जणांना पाच वर्षं पाहिलं गेलं. त्या काळात नेहमीच्या सल्ल्यानुसार व्यायाम करणाऱ्यांपैकी ४.७ टक्के, मध्यम व्यायाम करणाऱ्यांपैकी ५.९ टक्के आणि तीव्र व्यायाम करणाऱ्यांपैकी ३ टक्के वारले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही, त्यामुळे ‘तीव्र व्यायामानं आयुष्य वाढतं’ असं त्यावरून म्हणता येत नाही. पण देखरेखीखाली केलेला तीव्र व्यायाम म्हाताऱ्यांनाही मारत नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. दुखापतींच्या आकड्यांबद्दलही विरोधकांनी जपून बोलावं. क्रॉसफिट करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना दुखापत किंवा अतिताणामुळे माघार घ्यावी लागली, असं सांगणारा २०१३चा ओहायोतला अभ्यास जगभर उद्धृत झाला. पुढे अमेरिकी न्यायालयात ती आकडेवारी खोटी ठरली आणि तो निबंधच मागे घेतला गेला. खोट्या आकड्यावर उभं केलेलं खंडन कितीही जोरकस असलं तरी ते फेकूनच द्यायला हवं.

मात्र याच पुराव्याकडे दुसरा पक्ष अर्ध्या डोळ्यानं पाहतो. ताबातांच्या प्रयोगातले तरुण शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी होते, आधीच कसलेले. ते बसल्या जागी सायकल मारत होते, खांद्यावर वजन घेऊन उड्या मारत नव्हते. तोच ‘चार मिनिटांचा चमत्कार’ दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या चाळिशीच्या माणसाला वजनी क्लीन-जर्कसह विकला जातो, तेव्हा प्रयोगाचं नाव राहतं आणि प्रयोग हरवतो. खाली बसून, पाय मागे टाकून पुन्हा उठण्याच्या बर्पीचंच पाहा. रॉयल बर्पी या अमेरिकी संशोधकानं हा प्रकार तंदुरुस्ती पटकन तपासण्याची चाचणी म्हणून बसवला. तो चारच वेळा करायचा आणि आधीची व नंतरची नाडी मोजायची. आज त्याच्या शंभर-शंभर आवृत्त्या शिक्षेसारख्या करवून घेतल्या जातात. तिसाव्या आवृत्तीपर्यंत छाती आधी जमिनीवर आपटू लागते, कंबर मध्येच खचते, उठताना गुडघे आत वळतात. दम संपल्यावर बिघडलेल्या ढबीनं केलेली प्रत्येक आवृत्ती स्नायूंना फारसं काही देत नाही, सांध्यांकडून मात्र वसूल करते.

त्याहून गंभीर गोष्ट ऱ्हॅबडोमायोलिसिसची. सवय नसलेल्या स्नायूंवर एकाच दिवशी अतोनात ताण पडला की त्यांच्या पेशी फुटतात, आतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबतात. लघवी काळ्या चहासारखी होते, मांड्या सुजून टणक होतात. ग्लासमन यांनी स्वतः २००५ मध्ये आपल्या नियतकालिकात या धोक्यावर लिहिलं होतं, म्हणजे हा विरोधकांचा बागुलबुवा नव्हे. नगरसारख्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. घाम जातो, पाणी पुरेसं पोटात जात नाही आणि अंग दुखतं म्हणून पोरं मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेतात. यातली कितीतरी औषधं कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात. हे तिन्ही एकत्र आलं की तरणाताठा मुलगाही डायलिसिसच्या खाटेवर जाऊ शकतो. नव्या मुलाला पहिल्या दिवशी तीनशे बैठका मारायला लावणाऱ्या प्रशिक्षकाला ‘कडक’ म्हणण्याची आपली सवय त्यामुळे मला धोकादायक वाटते.

आता वैविध्याचं पाहू. ‘शरीर सरावलं की फायदा थांबतो, म्हणून रोज बदला’ हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं. त्यात तथ्य एवढंच की भार वाढला नाही तर प्रगती थांबते. भार वाढवणं आणि प्रकार बदलणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ग्राउंडला मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ असतात. मुलींना १६००ऐवजी ८०० मीटर. सैन्यभरतीत १.६ किलोमीटर धावणं, बीम आणि नऊ फुटांचा खड्डा. परीक्षा अशी ठरलेली असताना सोमवारी टायर, मंगळवारी दोर, बुधवारी बॉक्सवर उड्या असा फिरता बाजार मांडला तर मुलगा दमतो खूप, पण त्याचं सोळाशे कितीनं सुधारलं हे कुणालाच सांगता येत नाही. शरीर ज्या कामासाठी तयार करावं त्याच कामाला तयार होतं, हा व्यायामशास्त्रातला जुना आणि टिकून राहिलेला नियम आहे. धावण्याची परीक्षा धावूनच सुटते. वैविध्याचा खरा उपयोग कंटाळा घालवणं आणि एकाच सांध्यावरचा भार वाटून देणं इथपर्यंत आहे. ज्याला कुठलीच परीक्षा द्यायची नाही, फक्त निरोगी राहायचं आहे, त्याच्यासाठी तो मोठाच उपयोग आहे, हेही मान्य करायला हवं.

मग तालीमच बरी का? २०२५ मध्ये वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी रंगली तेव्हा हा सूर पुन्हा लागला. तालमीतून घ्यावं असं बरंच आहे. जोर, बैठका, मुद्गल, हौद उकरणं या मेहनतीत तीव्रताही आहे आणि वैविध्यही. शिवाय जाणता वस्ताद नव्या पोराला आधी मेहनतीला लावतो, जोड बघूनच कुस्ती धरायला देतो आणि यात्रेच्या हगाम्यात उतरवण्याची घाई करत नाही. पायरी चुकू न देणं ही तालमीची खरी देणगी आहे, आणि क्रॉसफिटच्या नकलेत नेमकी तीच सुटली आहे. पण तालमीला सोवळं नेसवू नये. बैठकांच्या आकड्याचा अभिमान तिथंही आहे, दुखणं अंगावर काढण्याचं कौतुक तिथंही आहे. कुणी किती मेहनत केली याची वही ठेवायची रीत तर अनेक ठिकाणी कधी नव्हतीच. चांगला वस्ताद नसलेली तालीम आणि चांगला कोच नसलेली जिम यांच्यात शरीराला फरक कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. पहिले दोन-तीन महिने सोपं धावणं, स्वतःच्या वजनाचे व्यायाम आणि हालचालींची ढब. त्यानंतर आठवड्यातून दोनच दिवस पूर्ण तीव्रता, मध्ये किमान एक दिवस हलका. डोक्यावर वजन उचलण्याचे प्रकार घड्याळ लावून कधीच नाहीत. प्रत्येकाची वही, आणि तिच्यात आज काय नवीन केलं यापेक्षा मागच्या महिन्यापेक्षा काय वाढलं याची नोंद. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला ७५ ते १५० मिनिटं जोराचा किंवा १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. रोज शरीर पिळून काढायला ती कुठं सांगत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या कोरडवाहू घरातल्या मुलासाठी भरती हा संसार सावरण्याचा मार्ग असतो. जाहिरात निघते, हातात थोडे आठवडे उरतात आणि वयाची मर्यादा जवळ आलेली असते. त्याला तीन महिने पाया घाल म्हणणं पोट भरलेल्याचा सल्ला वाटेल. पण थोड्या वेळात स्नायू आणि दम जितके सुधारतात, तितके हाडं आणि स्नायुबंध सुधारत नाहीत. त्यांना जास्त काळ लागतो. म्हणूनच अचानक भार वाढला की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. तरीही धावत राहिलं तर हाडाला बारीक तडा जातो आणि मुलगा ऐन ग्राउंडच्या दिवशी घरी बसतो. महिनाच हातात असेल तर दर आठवड्यात दोन दिवस जोराचं, दोन दिवस सोपं धावणं, एक दिवस गोळा आणि दोन दिवस झोप-जेवण नीट, एवढंच शहाणपणाचं. आणि भरतीच्या अकॅडम्यांनी एक गोष्ट आजच करावी. जुन्या बॅचच्या मागे नव्या मुलांना पळवणं थांबवावं, त्यांची रांग वेगळी लावावी आणि उन्हाळ्यात पहिले दोन आठवडे त्यांना निम्म्याच कामावर ठेवावं.